ताणावरची बाग

मोटर चालू झाली की आमच्या घरी उजाडलं असं धरायचं. विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर, ओढ्याच्या काठाला होती. दादा हिरवं बटण दाबायचा. आधी स्टार्टर खट्‌ करून बसायचा, मग मोटर घोगऱ्या आवाजात गुणगुणायला लागायची आणि थोड्या वेळानं पाटाच्या तोंडाशी पाइपातून पाणी धबाधबा पडायचं. अंथरुणात पडल्या पडल्या मी त्या पाण्याच्या आवाजाची वाट बघायचे. त्याला उशीर झाला तर बाई चुलीपुढूनच ओरडायची, "इलास, फूटव्हॉल बघ रं, हवा धरली का काय!" बाई म्हणजे आमची आई. दादाचं नाव विलास, पण घरात त्याला कुणी 'वि' लावला नाही. बाईचे हात भाकरी थापत असायचे, काटवटीतला तो थपथप आवाज आणि बाहेरचं पाणी एकाच लयीत चालायचं. थंडीच्या दिवसांत ती हुलग्याचे शेंगोळे करायची. पीठ तळहातावर वळून वळून बोटाएवढी कडी करायची आणि लसणाच्या उकळत्या पाण्यात सोडायची. आज भिंगारच्या घरात माझ्या गॅसवर तेच शेंगोळे मी करते, पण नातवंडांना ते आवडत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात ती चव सापडत नाही.

आमचं गाव पारनेरच्या वरच्या माळावर. सगळी जिरायत, बाजरी, मटकी, हुलगा आणि पाऊस बरा झाला तर ज्वारी. गावातल्या इतर विहिरी होळीच्या आत तळ दाखवायच्या. आमची मात्र जेठापर्यंत टिकायची, कारण ती ओढ्याच्या खोलात होती आणि वरचं सगळं मुरलेलं पाणी अखेर तिथंच येऊन थांबायचं. लोक म्हणायचे, तात्यांनी नशीब काढलं. तात्या म्हणजे आमचे वडील. उंच, हाडकुळे, कमी बोलणारे. त्यांना गावात कसलं पद नव्हतं, पण बांधाचं भांडण असो की सोयरीक, माणसं आधी आमच्या ओसरीवर येऊन बसायची. तात्या सगळं ऐकून घ्यायचे, टॉवेलानं तोंड पुसायचे आणि एखादंच वाक्य बोलायचे. त्या वाक्यावर गाव उठून जायचं. लहानपणी मला याचा फार अभिमान वाटायचा.

विहिरीखालचा मळा दादाचा होता. म्हणजे कागदावर तात्यांचाच, पण त्यातली मोसंबीची बाग दादानं लावली होती. शाळा सोडल्यावर तो राहुरीकडं एका बागाईतदाराकडं राहून कलम बांधायला, छाटणी करायला शिकून आला. खड्डे त्यानं स्वतः खणले, शेणखत स्वतः भरलं, आणि रोपं ट्रॅक्टरमधून आली तेव्हा गावातली पोरं त्याच्या मागं मिरवणुकीसारखी चालत होती. माळावर मोसंबी कुणी लावलीच नव्हती. उन्हाळ्यात माळावरून आमच्या वस्तीकडं पाहिलं की सगळ्या करड्या रानात तेवढा एक हिरवा तुकडा दिसायचा. लांबून येणारी एसटी वळणावर आली की नवखी माणसं खिडकीतून विचारायची, ते काय हो?

त्या हिरव्या तुकड्याकडं बघूनच शालनवहिनी आमच्या घरी दिली गेली. तिचं माहेर पाथर्डीकडचं. आईबाप दर साली दसरा झाला की ऊसतोडीला जायचे आणि वहिनीचं सगळं लहानपण कारखान्याच्या आसपासच्या कोपीत, पाचटाच्या खोपटात गेलं. शाळेत तिचं नाव होतं, पण हिवाळाभर ती शाळेत कधीच नव्हती. लग्न झालं तेव्हा ती सतरा-अठराची असेल आणि मी तिच्याहून थोडी लहान. पहिल्या आठवड्यातच ती मला बागेत घेऊन गेली, एका झाडाचं पान चुरगाळून नाकाला लावलं आणि म्हणाली, "रंजे, आता मला कुटं जायाचं न्हाई." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मला तर पारनेरला, नगरला, कुठंही जायचंच होतं.

त्या वर्षी बाग पहिल्यांदा फळावर येणार होती. ज्यांनी मोसंबी जवळून बघितली नाही त्यांना सांगते, या झाडाला फुलवायचं तर आधी तहानेलं ठेवावं लागतं. थंडी पडली की महिनाभर पाणी पूर्ण तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, कडेनं वळतात, काही गळतात. बघणाऱ्याला वाटतं झाड चाललं. मग संक्रांतीच्या सुमाराला झाडांभोवतीची आळी चाळून, खत घालून पाणी सोडायचं, की झाड सगळ्या अंगानं फुलतं. तो महिना दादा फार अस्वस्थ असायचा. रोज सकाळ-संध्याकाळ बागेत जाऊन पानं चाचपायचा. वहिनी म्हणायची, "पोरीला उपास धरायला लावल्यावानी करताय." तो हसायचा. "पुढच्या महिन्यात बग. वास गावाच्या वेशीपतूर जाईल."

पण त्याच हिवाळ्यात गावच्या विहिरीनं तळ दाखवला. पाऊस दोन वर्षं कमी झाला होता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. गावात मोटरी वाढल्या होत्या, कांदा वाढला होता, कुणी कुणी ऊसही लावला होता, आणि माळावर बोअर पाडणारी गाडी दिवसभर घरघरत असायची. टँकर येऊ लागला. टँकर येण्याची वेळ ठरलेली नसायची, म्हणून प्रत्येक घरातलं एक माणूस दिवसभर रांगेत. आमच्या घरचं कुणी गेलं नाही, आम्हाला गरज नव्हती. पण माझ्या बाकावर बसणारी मंदा शाळेत यायची बंद झाली. तिची आई रोजगाराला जायची, धाकटी भावंडं लहान, म्हणून रांगेत मंदा. एकदा मी शाळेतून येताना तिच्याजवळ थांबले. ती हंड्यावर बसून माझ्या वहीतलं गणित बघत होती. टँकर आला आणि एकच रेटा झाला. मंदा खाली पडली, वही चिखलात गेली, आणि उठून तिनं वहीकडं न बघता आधी हंडा पुढं केला. हे मी घरी जेवताना सांगितलं. तात्यांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दादाला सांगितलं, "चार-आठ दिस मोटर बंद ठेव. कांद्याला पानी देऊ नगंस." दादानं कारण विचारलं नाही, बाग ताणावर होती, कांदा थोडा थांबला तरी चालण्यासारखा होता. त्या दिवसांत तात्या रोज सकाळी गावाच्या विहिरीवर जायचे. कठड्याला हात टेकून खाली बघत उभे राहायचे. आमच्या मळ्यापासून गावची विहीर लांब नव्हती, ओढ्याच्याच वरच्या अंगाला. आठवडा संपता संपता तिच्या तळाशी पाणी झिरपून घागर बुडेल एवढं साचलं. मग त्यांनी एक दिवस मोटर चालू करायला सांगितली आणि परत जाऊन बघितलं. त्या दिवशी घरी आले ते थेट ओसरीवर बसले. बाईनं चहा पुढं ठेवला, तो निवून गेला.

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढं भरली. संक्रांत नुकतीच झाली होती, बायकांच्या हातात नव्या बांगड्या होत्या. बायका सभेला सहसा येत नसत; त्या दिवशी आल्या आणि रिकामे हंडे घेऊन आल्या. मी आणि वहिनी पिंपळाच्या पाराला टेकून उभ्या होतो. बरीच ओरडाआरड झाली. कुणी म्हणालं आणखी एक बोअर पाडू, कुणी म्हणालं टँकर वाढवून मागू. शेवटी सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. तात्या उठले.

"बोअर पाडून काय व्हनार?" ते म्हणाले. "खालचं पानी एकच हाय. माझी मोटर चालली की गावची हीर खाली जाती. मी सोता बघितलंय. ती बंद ठेवली की पानी वर येतंय. म्हंजी मी कांद्याला पानी देत न्हवतो, तुमच्या घागरीतलं वढत हुतो."

आमच्या विहिरीला लोक नशीब म्हणत होते, तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

"म्हून माझं म्हननं, नवं बोअर कुनी घ्यायचं न्हाई. ऊस लावायचा न्हाई. आन् आजपासून पाऊस पडंस्तवर हिरीचं पानी पिकाला न्हाई. मानसाला आन् जनावराला. सुरुवात माझ्यापासनं."

दादा घोळक्यातून पुढं आला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्याला वाटत होतं तात्या एवढ्यात पुढचं बोलतील, बागेचं काहीतरी वेगळं सांगतील.

"तात्या, बाग ताणावर हाय."

"ठावं हाय."

"उद्या-परवा पानी सोडायचं हुतं. कांदा मोडतो मी. गहू मोडतो. फळ बी नगं मला. निस्ती झाडं जगवायपुरतं द्या."

"इलास, पावसाला पाच महिनं हायेत. आज तुझी झाडं, उद्या त्याचा कांदा, परवा ह्याचं घासगवत. आपली हीर बंद ऱ्हायली तरच बाकीचे बटनाला हात लावनार न्हाईत."

"चार वर्सं लेकरावानी वाढवलीत मी."

तात्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं. मग हात वर केला. "ज्यांना मान्य हाय त्यांनी हात करा." आधी बायकांचे हात वर गेले, बांगड्या वाजल्या, मग एकेक करून पुरुषांचे. मंदाच्या आईनं हात वर केला आणि वहिनीकडं बघून खाली मान घातली. माझ्या शेजारी वहिनीचा श्वास ऐकू येत होता.

त्यानंतर आमच्या घरात मोटरीशिवाय उजाडू लागलं. दादा तात्यांशी बोलायचा, पण तेवढ्यापुरतं: बैल बांधले का, दूध घातलं का. वहिनीनं एकदाच विषय काढला. तात्या जेवत होते, ती भाकरी वाढायला वाकली आणि पदर सावरत म्हणाली, "मामा, एक बोलू का?"

"बोल की."

"मी कोपीत वाढले. दसरा आला की आमी गाडीत बसायचो. कुटला कारखाना, कुटलं रान, कायबी ठावं नसायचं. तुमच्या घरी आले तवा मला वाटलं, आता पाय एका जागी ऱ्हाईल."

"मग हाये की. तुला हितनं कोन घालवतंय?"

"बाग गेली तर त्यांचं मन हितं ऱ्हानार न्हाई, मामा. त्ये गेले की मी बी गेले."

तात्यांनी अर्धी भाकरी ताटातच ठेवली आणि ते हात धुवून उठले. बाई त्या दिवशी जेवली नाही. ती कुणाच्या बाजूनं होती हे मला कधीच कळलं नाही. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, मी चुलीच्या बाजूनं हाय.

बागेची पानं आता शेंगोळ्यासारखी वळली होती. भांडी घासलेलं पाणी वहिनी कडेच्या झाडांना नेऊन घालायची, पण तेवढ्यानं काय होतं? आळ्यातली वरची माती ओली दिसायची आणि दुपारी परत पांढरी. मग एके दिवशी पारनेरला कुणाचं तरी लग्न होतं, निम्मं गाव तिकडं गेलं, तात्या आणि बाईही गेले. दुपारची लाईट आली. मी अंगणात मटकी पाखडत होते. आणि ओढ्याकडून तो आवाज आला: खट्‌, मग गुणगुण, मग धबाधबा. इतक्या दिवसांनी तो कानावर पडला. सूप टाकून मी पळत सुटले.

दादा पाटाच्या तोंडाशी उभा होता, वहिनी खोरं घेऊन आळी फोडत होती. मला बघून दादा थबकला. मी काही न बोलता पाटात उतरले आणि पुढच्या झाडाकडं पाणी वळवायला दार धरलं. कोरडी जमीन पाणी पिताना आवाज करते. चुरचुर असा बारीक आवाज येतो आणि बुडबुडे वर येतात. मातीचा आणि शेणखताचा तो वास, पायाला लागणारं विहिरीचं गार पाणी. वहिनीनं साडी गुडघ्यापर्यंत खोचली होती आणि ती हसत होती, रडतही होती. एक ओळ झाली की दादा म्हणायचा, "फोड, फोड, पुढचं फोड." त्या दुपारचं मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. गावाचा नियम बरोबर होता हे मला तेव्हाही कळत होतं. तरी त्या झाडांना पाणी पाजलं ते बरं झालं असंच मला वाटतं, आणि या दोन गोष्टींचा मेळ या वयातही मला घालता आलेला नाही.

तात्या लग्नातून लवकर निघाले. एसटीतून उतरून ओढ्यानं चालत येताना त्यांनी मोटर ऐकली असणार. आम्हाला ते दिसले तेव्हा ते स्टार्टरपाशी पोचले होते. त्यांनी लाल बटण दाबलं. पाणी थांबलं, पाइपातून शेवटचे थेंब पडत राहिले. त्यांनी फ्यूज काढून कोपरीच्या खिशात घातले.

"किती झाली?" त्यांनी विचारलं.

"निम्मी," दादा म्हणाला. आणि मग खालच्या आवाजात, "कुनी बघितलं न्हाई, तात्या."

"म्या ऐकलं की."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं दादा पुढं कितीतरी वर्षांनी मला म्हणाला. सकाळी त्यांनी दादाला उठवलं आणि म्हणाले, चल देवळात. मला वाटलं पाया पडायला. पण तिथं माणसं बसली होती, आणि तात्यांनी सगळ्यांपुढं सांगितलं की नियम आपल्याच घरात मोडला, काल दुपारी आपली मोटर चालली, निम्मी बाग भिजली. लोक अवघडले. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या तात्या, पोरगं हाय." दुसरा म्हणाला, "झाडाचा जीव हाय, आमाला कळतंय." तात्या ऐकेनात. ते दादाला म्हणाले, "तू सांग तुझ्या तोंडानं."

दादा उभा राहिला. मिशी नुकती दाट झालेला, लग्न झालेला, गावानं ज्याच्या ट्रॅक्टरमागं मिरवणूक काढली तो माणूस. "व्हय," तो म्हणाला, "मी लावली मोटर. झाडं मरत हुती." एवढं बोलून तो देवळाच्या पायऱ्या उतरून गेला. त्या हंगामात गावात दुसरी एकही मोटर चालली नाही. तात्यांना ठाऊक होतं काय केल्यानं काय होईल. मला वाटतं, त्याची किंमत मात्र त्यांना त्या दिवशी ठाऊक नव्हती.

आठवडा झाला नसेल, दादा आणि वहिनी नगरला निघाले. वहिनीच्या नात्यातला कुणी केडगावला खोली घेऊन राहत होता, कारखान्यात काम लावून देतो म्हणाला होता. एक पत्र्याची पेटी आणि गाठोडं. बाईनं भाकरी बांधून दिल्या, ठेचा दिला, आणि प्रवासाला म्हणून कळशीतलं पाणी कॅनमध्ये भरून दिलं. वहिनीनं भाकरी घेतल्या. कॅन तिनं ओसरीवरच ठेवला, हळूच, आवाज न करता. तात्या गोठ्यात धार काढत होते. दादा अंगणात उभा राहून गोठ्याच्या दाराकडं बघत राहिला. आतून चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता, तो थांबला नाही. एसटीचा हॉर्न वाजला तसे ते गेले. मी गोठ्यात डोकावले तर तात्या गाईच्या पोटाला डोकं टेकून बसले होते, आणि हात चालूच होते.

आणि मग बाग फुलली. भिजलेली निम्मी. पांढऱ्या कळ्यांचे घोस, पानं दिसू नयेत इतके. वास पहाटे सुरू व्हायचा आणि उन्हं चढेपर्यंत वाढत जायचा. गावाच्या वेशीपर्यंत जात होता की नाही ते मी बघितलं नाही, पण आमच्या घरात तो अंथरुणात, भाकरीत, पाण्याच्या माठात होता. बाई परसदार लावून घ्यायची. मधमाश्यांचा नुसता गजर चालायचा. तात्या सकाळी बागेत जायचे आणि एखाद्या आळ्याच्या कडेला उकिडवे बसून राहायचे. मी एकदा भाकरीला बोलवायला गेले तर म्हणाले, "त्यानं बघायला पायजे हुतं गं." मी म्हटलं, बोलावून घेऊ का? त्यांनी मान हलवली, हो की नाही ते मला समजलं नाही. फुलं गळून वाटाण्याएवढी फळं धरली. ती पिवळी पडली आणि गळाली. मग पानं. चैत्र सरता सरता भिजलेली आणि न भिजलेली झाडं सारखीच दिसू लागली. पाऊस आला तेव्हा मोजकीच फुटली; उरलेली तात्यांनी स्वतः कुऱ्हाडीनं तोडली, कुणाला हात लावू दिला नाही. बाईनं ती लाकडं चुलीत घातली नाहीत. शेजारपाजारचे घेऊन गेले.

गावाचं भलं झालं, हे लिहिलं नाही तर खोटं होईल. नियम पुढं दर साली पाळला गेला, आणि पहिली वर्षं फार जड गेली. गहू गेला, उन्हाळी घास गेला, कांदा अर्ध्यावर आला. माणसं तात्यांना तोंडावर नाही पण मागून बोलायची. गायी विकाव्या लागल्या. पण बांधबंदिस्ती झाली, ओढ्यावर ठिकठिकाणी बांध घातले, पावसाचं पाणी मुरू लागलं, आणि हळूहळू गावची विहीर उन्हाळाभर टिकू लागली. मंदा शाळेत परत आली. ती पुढं नर्स झाली. लांबलांबची माणसं गाव बघायला येत. त्यातल्या कुणीतरी एकदा तात्यांना विचारलं, या नियमासाठी तुम्हाला काय सोडावं लागलं? मी माहेरपणाला आले होते, चहाच्या कपबश्या घेऊन उभी होते. तात्या म्हणाले, "थोडं बागाईत हुतं." आणि पाहुण्यांना साखर पुढं केली. आता तात्या नाहीत, आणि माळावर पुन्हा बोअरची गाडी घरघरते. डाळिंब आलं आहे, शेततळी आली आहेत. पंचायतीच्या भिंतीवर नियम अजून रंगवलेले आहेत. गेल्या उन्हाळ्यात गावात टँकर आला, असं भाऊबंदांतल्या एकानं फोनवर सांगितलं. मी कुणाला नावं ठेवत नाही. हिरव्या तुकड्याची ओढ मी घरात बघितली आहे.

दादा केडगावलाच राहिला. कारखान्यात मशीनवर काम केलं, दोन खोल्या बांधल्या, पोरं शिकवली. बाई होती तोवर ती एसटीनं जायची, पिशवीत ज्वारीचं पीठ आणि हुलगे घेऊन. दादा गावाला आला तो बाई गेली तेव्हा. दहाव्याला बसला, मळ्याकडं न जाता परतला. तात्या आणि तो एकमेकांना टाळत नव्हते. नात्यातल्या लग्नकार्यात समोर आले की पाऊसपाणी, तब्येत विचारायचे. दोघंही सभ्य माणसं होती, आणि त्या सभ्यपणातच सगळी वर्षं निघून गेली. तात्यांना पक्षाघात झाला तेव्हा मात्र दादानं कुणाला विचारलं नाही. गाडी करून गावाला गेला, त्यांना दोन्ही हातांवर उचलून गाडीत ठेवलं, नगरच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून आपल्या घरी. मी भिंगारहून रोज दुपारी जायचे. दादा सुट्टी घेऊन तात्यांना अंघोळ घालायचा, दाढी करायचा. वहिनी पातळ पेज भरवायची आणि "मामा, आ करा" म्हणायची, लहान मुलाला म्हणावं तशी.

एका दुपारी दादा त्यांच्या पायाला तेल चोळत होता. मी खिडकीत बसले होते. तात्यांचं बोलणं तोवर बरंच सुधारलं होतं, एका बाजूनं अडखळायचं एवढंच. दादा मान वर न करता म्हणाला, "तात्या, एक इचारू? तवा तुमचं चुकलं, असं कदी वाटलं का तुमाला?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पंखा फिरत होता.

"चुकलं न्हाई," तात्या म्हणाले.

दादाचे हात थांबले.

"चुकलं न्हाई, इलास. फिरून येळ आली तरी तसंच करीन." त्यांच्या चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी कानाकडं ओघळलं. "पर तू घरी पायजे हुतास."

दादानं त्यांचा पाय दोन्ही हातांत धरला होता. त्याचे ओठ हलले. काहीतरी बोलणार होता तो, मी शपथेवर सांगते, बोलणारच होता. तेवढ्यात बाहेरून वहिनीचा आवाज आला, "अवो, नळ आला! लवकर या, पानी जाईल." केडगावात तेव्हा पाणी दिवसाआड, तेही थोडाच वेळ यायचं, सगळी गल्ली पाइप आणि बादल्या घेऊन धावायची. दादा तसाच बसून राहिला. तात्याच म्हणाले, "जा. भरून घे." तो उठला, तेलाचे हात लुंगीला पुसत बाहेर गेला. मला ड्रम सरकवल्याचा आवाज आला, मग पत्र्यावर पडणारं पाणी. सगळं भरून होईपर्यंत बराच वेळ गेला. तो परत आला तेव्हा तात्यांचा डोळा लागला होता. दादा पायथ्याशी उभा राहून त्यांच्याकडं बघत राहिला, मग चादर सारखी केली आणि मला म्हणाला, "झोपू दे. उद्या बोलू."

तात्या त्यानंतर काही आठवडे होते. ते बोलणं पुन्हा निघालं नाही.